फोन हिसकावू नका, त्यात पुरावा आहे: मुलांवर ऑनलाइन संकट आलं तर कोल्हापुरातल्या पालकांनी काय करायचं

दहावीतल्या मुलीचा चेहरा दुसऱ्याच कुणाच्या उघड्या अंगावर बसवलेला फोटो फिरतोय, हे घरात साधारणपणे रात्री कळतं. किंवा अकरावीतला मुलगा राजारामपुरीतल्या क्लासवरून येऊन न जेवता झोपतो आणि दोन दिवसांनी समजतं, की व्हिडिओ कॉलवर कुणीतरी त्याचं रेकॉर्डिंग करून पैसे मागतंय. मग घरात काय होतं ते आपल्याला माहीत आहे. आधी मुलालाच एक ठेवून दिली जाते. फोन काढून घेतला जातो. "ही घाण आधी काढ" म्हणून सगळं डिलीट होतं. आणि तालमीतल्या चार पोरांना घेऊन "बघूनच येऊया" म्हणत काका गाडी काढतात.

या चारही गोष्टींनी समोरच्याचंच काम सोपं होतं. कायदा वाटतो तितका लुळा नाही. इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, फेसबुक यांच्यावर तासांच्या मुदती घातलेल्या आहेत. पण ते घड्याळ तुम्ही योग्य ठिकाणी लेखी तक्रार केल्याशिवाय चालू होत नाही. म्हणून काय करायचं याइतकंच कुठल्या क्रमाने करायचं हे महत्त्वाचं आहे.

पहिला अर्धा तास

"तू त्या ॲपवर गेलीसच कशाला?" हा प्रश्न त्या रात्री विचारू नका. उत्तर काहीही आलं तरी त्याचा उपयोग नाही, आणि पुढची माहिती मात्र बंद होते. मुलाला एवढंच सांगा की मी आहे, हे आपण निस्तरू, तुझा फोन मी काढून घेणार नाही. शेवटचं वाक्य खरं असू द्या. मुलं महिनोन् महिने गप्प बसतात, त्यामागे बहुतेक वेळा फोन जाण्याची भीती असते.

रात्री मुलाला एकटं झोपवू नका. "माझं आयुष्य संपलं" अशी भाषा आली तर ती नाटक समजू नका. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास चालू असतो, आणि सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

आता पैशांचं. मुलगे ज्या सापळ्यात अडकतात त्याची चाल ठरलेली असते. मुलीच्या नावाच्या प्रोफाइलवरून रिक्वेस्ट येते, गप्पा इन्स्टाग्रामवरून व्हॉट्सॲपवर सरकतात, व्हिडिओ कॉल येतो, पलीकडे बऱ्याचदा आधीच रेकॉर्ड केलेली क्लिप चालू असते आणि तेवढ्या मिनिटात मुलाचा स्क्रीन टिपला जातो. पाठोपाठ त्याच्याच फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट येतो: आत्ताच्या आत्ता पैसे टाक, नाहीतर या सगळ्यांना पाठवतो. पैसे दिले की मागणी थांबत नाही, वाढते. पुढे "मी पोलीस अधिकारी बोलतोय, तुझ्यावर केस झाली आहे, मिटवायची तर इतके भर" असा फोन येतो. तो साहेबही त्याच टोळीतला.

एक रुपयाही पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँकेचं नाव हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी तक्रार गेली तरच ते गोठवता येण्याची आशा असते. सकाळी बँक उघडल्यावर बघू, असं इथं चालत नाही.

पुरावा: काय घ्यायचं आणि काय अजिबात घ्यायचं नाही

ब्लॉक करण्याची घाई करू नका, आधी टिपून घ्या. प्रोफाइलवर दिसणारं नाव कुणीही कधीही बदलतो, त्यामुळे नुसत्या नावाच्या स्क्रीनशॉटचा फारसा उपयोग नाही. युजरनेम अक्षरन् अक्षर लिहून घ्या आणि प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा. पोस्ट किंवा रील असेल तर तिची वेगळी लिंक घ्या. धमकीच्या मेसेजचे स्क्रीनशॉट तारीख आणि वेळ दिसेल असे काढा. लांबलचक चॅट असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग सोपं पडतं. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट काढला की समोरच्याला कळतं, म्हणून तिथे दुसऱ्या फोनने फोटो काढा. ॲप काढून टाकू नका, फोन फॉरमॅट करू नका. हे प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. मूळ फोन जागेवर असला की ते काम सरळ होतं.

सोबत एका वहीत साध्या भाषेत लिहून काढा: पहिला मेसेज कधी आला, कुणी काय म्हटलं, कुणाकुणाला कळलं. चार दिवसांनी तारखांचा घोळ होतो.

आणि आता ज्यात चांगली माणसं फसतात ती गोष्ट. फोटो नग्न असेल आणि त्यातलं मूल १८ वर्षांखालचं असेल, तर तो फोटो कुणालाही पाठवू नका. मामाला नाही, मुख्याध्यापकांना नाही, "वकिलाला दाखवतो" म्हणून मित्राला तर नाहीच. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६७ब खाली असं साहित्य पाठवणं आणि बाळगणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पोक्सो कायद्याचं कलम १५ आहेच, आणि नुसतं साठवून ठेवण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात कडक भूमिका घेतली आहे. तुमचा हेतू चांगला असला तरी फाइल फिरते ती फिरतेच. त्या फोटोची लिंक लिहून ठेवा, तो कुठल्या खात्यावर आहे ते टिपा आणि फोन आहे तसा पोलिसांना दाखवा.

कंपनीकडे तक्रार: दोन दारं

पहिलं दार ॲपमधलं रिपोर्टचं बटण. ते दाबाच. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट केलं की त्या चॅटमधले शेवटचे ५ मेसेज कंपनीकडे जातात, म्हणून धमकीचा मेसेज ताजा असतानाच रिपोर्ट करा. पण बऱ्याचदा तिथून "आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही" असं छापील उत्तर येतं आणि लोक हात टेकतात.

दुसरं दार फार कमी लोकांना माहीत असतं. २५ फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक प्लॅटफॉर्मला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. भारतात ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असतील तर तो अधिकारी भारतात राहणारा हवा. त्याचं नाव आणि संपर्क ॲपच्या किंवा संकेतस्थळाच्या मदत विभागात असतो. जरा खोदून शोधावा लागतो. शरीराचे खाजगी भाग दिसणारे, नग्न किंवा लैंगिक कृतीचे फोटो आणि व्हिडिओ याच नियमांच्या ३(२)(ब) मध्ये येतात. दुसऱ्याच्या नावाने उघडलेलं खातं आणि मॉर्फ केलेली छायाचित्रंही त्यातच येतात. ती काढण्यासाठी मूळ नियमांत २४ तासांची मुदत होती, फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ती २ तासांवर आणली. तक्रार पीडित व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कुणीही करू शकतं, म्हणजे आईवडिलांनी केलेली चालते. मुलीच्या नावाने उघडलेलं बनावट खातं, त्यावर एकही अश्लील फोटो नसला तरी, या कलमात बसतं. हा मुद्दा वकीलसुद्धा कधी कधी विसरतात.

तक्रारीचा मजकूर छोटा आणि कोरडा ठेवा. रडगाणं नको, शिव्या नकोत. असा:

"माझी मुलगी अल्पवयीन आहे. खालील खात्यावर तिच्या चेहऱ्याचा वापर करून बनवलेलं नग्न छायाचित्र तिच्या संमतीविना टाकलं आहे. खात्याचं युजरनेम हे, पोस्टची लिंक ही, मी पाहिल्याची तारीख व वेळ ही. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ मधील नियम ३(२)(ब) नुसार हा मजकूर मुदतीत हटवावा आणि खात्याची माहिती तपासासाठी जपून ठेवावी. पालक म्हणून मी तिच्या वतीने ही तक्रार करत आहे."

इंग्रजीत लिहिता येत असेल तर इंग्रजीत पाठवा, काम लवकर हलतं. फोटो जोडू नका, फक्त लिंक द्या. तक्रारीचा क्रमांक येतो तो जपा.

उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. ही समिती २०२३ पासून ऑनलाइन चालते, वकील लागत नाही, फी नाही. फोटो आजच्या आज काढण्यासाठी हा मार्ग संथ आहे, पण "उल्लंघन आढळलं नाही" या शिक्क्याला आव्हान द्यायला तोच आहे.

फोटो अजून पसरला नसेल, फक्त पसरवण्याची धमकी असेल, तर आणखी एक साधन आहे: टेक इट डाऊन, अमेरिकेतल्या हरवलेल्या व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची मोफत सेवा. ती १८ वर्षांखाली असताना काढलेल्या फोटोंसाठी आहे. मोठ्यांसाठी स्टॉपएनसीआयआय अशी वेगळी सेवा आहे. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. फोनवरच त्याचा अंगठ्याच्या ठशासारखा एक आकडा तयार होतो आणि फक्त तो आकडा सहभागी कंपन्यांकडे जातो. फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट यात आहेत. व्हॉट्सॲपच्या चॅटमधून फोटो एकमेकांना पाठवला जात असेल तर मात्र हा उपाय तिथे पोचत नाही, कारण ते मेसेज कूटबद्ध असतात.

पोलिसांकडे

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर (सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन) महिला आणि मुलांसंबंधीच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे. तिथे नाव न देताही तक्रार करता येते, पण मग तिचं पुढे काय झालं ते तपासता येत नाही. आपल्याच मुलाची गोष्ट असेल तर नाव देऊन करा.

पोर्टलवर टाकलं म्हणजे एफआयआर झाला असं नाही. त्यासाठी ठाण्यात जावं लागतं. जिल्ह्याचं सायबर पोलीस ठाणं आहे, पण गडहिंग्लज किंवा इचलकरंजीहून मुलाला घेऊन कोल्हापूर गाठायलाच हवं असं नाही. जवळच्या कुठल्याही ठाण्याला तक्रार घ्यावी लागते. हद्द त्यांची नसेल तर शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवायची असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने माहिती दिली तर ३ दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

मूल १८ वर्षांखालचं असेल आणि प्रकरण लैंगिक असेल तर पोक्सो कायदा लागतो, मुलीला आणि मुलालाही. शरीराचं खरं किंवा बनावट चित्र पसरवण्याची नुसती धमकीसुद्धा कलम ११ मध्ये येते. या कायद्यातलं कलम २४ पालकांना तोंडपाठ हवं. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा असतो. शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, आणि तोही गणवेशात न येता. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. कलम २६ नुसार जबाबाच्या वेळी आईवडील किंवा मुलाचा ज्यांच्यावर विश्वास आहे ती व्यक्ती सोबत असते. हे सांगताना आवाज चढवायची गरज नाही. कलमाचा आकडा सांगितला की पुरतं.

तक्रार घेतलीच नाही, तर कसबा बावडा रोडवरच्या पोलीस अधीक्षक कार्यालयाला टपालाने लेखी पाठवा, पोचपावती ठेवा. त्यापुढे दंडाधिकारी. आणि अगदी उच्च न्यायालयापर्यंत जायची वेळ आली, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआरजवळच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत कोल्हापूर सर्किट बेंच सुरू आहे. मुंबईची रात्रीची गाडी पकडायची गरज उरलेली नाही. वकिलाच्या फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. मुलांना आणि महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

जाता जाता: तुमच्या अर्जात कुणी ६६अ कलम घातलं तर खोडायला सांगा. ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ लाच रद्द केलं आहे. बनावट खात्यासाठी ६६क आणि ६६ड, खाजगी भागांच्या छायाचित्रणासाठी ६६ई ही कलमं चालू आहेत.

"घरातल्या घरात मिटवूया"

हे वाक्य गावातून येतं, शाळेतून येतं, नातलगांतून तर येतंच. मुलीचं नाव होईल, शाळेचं नाव खराब होईल. पोक्सोच्या कलम १९ नुसार गुन्हा घडल्याचं कळलं की तो कळवणं सक्तीचं आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर कलम २१ खाली वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि मुलीचं नाव बाहेर फोडणं हाच मुळात गुन्हा आहे. म्हणजे बदनामीच्या भीतीला कायद्यात उत्तर आहे, दडपण्याला नाही.

तालमीची पोरं घेऊन जाण्याबद्दल. आपल्याकडे ईर्षा रक्तात आहे. शाहू स्टेडियमवरचा सामना संपला तरी स्टेटसवर तो चालूच राहतो. पण समोरचा बऱ्याचदा त्याच वर्गातला पोरगा निघतो, १६ वर्षांचा. त्याला मारलंत तर उद्या गुन्हा तुमच्यावर. त्याचं नाव आणि फोटो स्टेटसला लावलात तर बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ आडवं येतं, कारण आरोपी मुलाचीही ओळख उघड करता येत नाही. जून २०२३ मध्ये काही स्टेटसवरून या शहरात दगडफेक, लाठीमार झाला आणि इंटरनेट बंद ठेवावं लागलं. स्टेटसला रस्त्यावर उत्तर दिलं की काय होतं, ते त्या दिवशी अख्ख्या कोल्हापूरने पाहिलं आहे.

आणि आपलंच मूल उलट्या बाजूला असेल तर? हेही होतं, आणि पालक पहिल्यांदा तेच करतात: ग्रुप डिलीट, फोन रंकाळ्यात. पुरावा नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली वेगळा गुन्हा आहे. फोन बाजूला ठेवा, फोटो पुढे जाणं त्याच क्षणी थांबवा, वकील गाठा. १८ वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, आणि तिथे सुधारणेचा विचार आधी होतो. कोल्हापुरी "आमचा पोरगा तसला नाही" हे तिथे कामाला येत नाही.

संकट यायच्या आधी: एका रविवारचं काम

सगळ्यात आधी जन्मतारीख तपासा. फेब्रुवारी २०२५ पासून भारतातही इन्स्टाग्रामने अल्पवयीनांसाठी टीन अकाउंट आणलं: खातं आपोआप खाजगी, अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद, आणि १६ खालच्या मुलाला हे नियम सैल करायचे तर पालकांची परवानगी लागते. पण खातं उघडताना पोराने जन्मसाल २००० टाकलं असेल, तर ॲपच्या लेखी तो पंचविशी ओलांडलेला गडी आहे आणि यातलं काहीच लागू होत नाही. कित्येक घरांत ही खोटी तारीख टाकायला मदत मोठ्या बहिणीने किंवा बापानेच केलेली असते. मुलासोबत बसून ती दुरुस्त करा.

बाकीचं पटापट. व्हॉट्सॲपवर ग्रुपमध्ये कोण घालू शकतं ते "माझे संपर्क" असं करा, अनोळखी कॉल गप्प करा, दुहेरी पडताळणी चालू करा. स्नॅपचॅटच्या नकाशावर घोस्ट मोड लावा, नाहीतर वसतिगृहातून बाहेर पडलेली मुलगी नेमकी कुठे आहे ते अर्ध्या वर्गाला दिसतं. लहानांच्या फोनवर गुगलचं फॅमिली लिंक. गेममधल्या व्हॉइस चॅटकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही, तेही बघा. मुलाला न सांगता हेरगिरीचं ॲप टाकू नका. ते त्याला सापडतंच, आणि त्यानंतर तो तुम्हाला काहीच सांगत नाही.

सरकारने नियम केले की सुटलं का?

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना सोशल मीडियाची खाती ठेवायला मनाई केली. दंड कंपनीला, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलाला किंवा पालकाला नाही. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम ९ सांगतं की १८ खालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती हवी, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवता येणार नाहीत. मोडलं तर २०० कोटींपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांना तयारीसाठी १८ महिने दिले आहेत.

मला कंपनीवरचा दंड पटतो, पण तो एकटा पुरेल असं वाटत नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा शाळा उघडण्याचा भार संस्थानाने घेतला आणि पोराला न पाठवणाऱ्या बापाला महिना १ रुपया दंडही ठेवला. दोन्ही टोकं एकाच वेळी धरली होती. आज पालकांच्या बाजूचं टोक सैल आहे, आणि ते धरायला दिल्लीची वाट बघायची गरज नाही.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावने २०२२ पासून संध्याकाळी ७ ला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. आपल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने त्याच वर्षी विधवा प्रथेविरुद्ध ग्रामसभेत ठराव केला आणि तो राज्यभर गेला. ग्रामसभेचा ठराव ही कागदी गोष्ट नसते, हे आपल्या भागाला सांगायला नको. शहरात असाल तर शाळेच्या पालक-शिक्षक संघापासून सुरुवात करा. मागण्या साध्या ठेवा: शाळेच्या फेसबुक पानावर मुलांचे फोटो नाव आणि वर्गासह टाकू नयेत, फोटोसाठी दरवर्षी लेखी संमती घ्यावी, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलींचे नंबर उघडे पडू नयेत, आणि तक्रार आली तर कुणाकडे जायचं त्या शिक्षिकेचं नाव सूचना फलकावर असावं, सोबत चाइल्डलाइनचा १०९८, सायबरचा १९३० आणि पोलिसांचा ११२. क्लासचालकांनाही हेच विचारा. निकालाच्या फ्लेक्सवर आणि पोस्टवर मुलीचा फोटो, पूर्ण नाव, शाळा आणि गाव एकत्र छापताना परवानगी कुणाची घेतली, हा प्रश्न प्रवेशाचा फॉर्म भरतानाच टाकायचा, फी भरल्यावर नव्हे.